दाखवायचे दात आणि खायचे दात



आज आपण कवळीचा इतिहास ऐकणार आहोत. विषय ऐकून काही जणी हसतील. राजांचा इतिहास असतो, लढायांचा असतो, कवळीला कसला इतिहास? पण आपल्या ओळखीत एक तरी आजी अशी असते, जी भाकरी दुधात कुस्करून खाते, शेंगदाणे नको म्हणते आणि कूट मागते. फोटो काढायला कोणी आलं की तोंडावर पदर धरते. लग्नात पंगतीला बसायची वेळ आली की म्हणते, "मला भूक नाही." भूक असते, पण चावायला दात नसतात आणि चारचौघींत चघळत बसायची लाज वाटते. तिने चुकून दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं, तर घरातलंच कोणी म्हणतं, "आता या वयात दात कशाला?"

या प्रश्नासाठीच आम्ही हा विषय घेतला आहे. हजारो वर्षं माणसाने खोटे दात बनवले. सोन्याचे केले, लाकडाचे केले, हस्तिदंताचे केले, रबराचे केले. पण ज्याच्या तोंडात ते बसवायचे त्याला, किंवा जिच्या तोंडात बसवायचे तिला, "तुम्हाला कसं वाटतं? जेवता येतं का? चारचौघांत बोलता येतं का?" हे नीट विचारून, लिहून घेऊन, मोजून पाहायला विसावं शतक संपत आलं. हा बदल कसा घडला, ते आज पाहू.

सोनं, हस्तिदंत आणि गरिबाचे दात

आजच्या इटलीत रोमन लोकांच्याही आधी एट्रुस्कन नावाचे लोक राहत होते. सुमारे २६०० वर्षांपूर्वी त्यांचे कारागीर सोन्याची पातळ पट्टी करून पुढच्या दातांभोवती बसवत आणि तिच्यात पडलेल्या दाताच्या जागी दुसरा दात अडकवत. थडग्यांत अशा पट्ट्या सापडल्या आहेत आणि जिथे ओळख पटली तिथे त्या प्रामुख्याने बायकांच्या तोंडातल्या आहेत. पट्टी वरच्या पुढच्या दातांना, म्हणजे हसताना दिसेल तिथे. पुढे रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी ४५०च्या सुमाराला कायदा केला की मेलेल्या माणसाबरोबर सोनं पुरायचं नाही. पण दात बांधायला वापरलेलं सोनं असेल तर ते राहू द्यावं, अशी सवलत त्यात होती.

आपल्याकडे म्हणतात, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. खोट्या दातांच्या बाबतीत ही म्हण कित्येक शतकं अगदी खरी होती. युरोपातल्या श्रीमंतांचे खोटे दात दाखवण्यापुरते असत. जेवायच्या वेळी बरेच जण ते काढून ठेवत.

अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १७८९ साली त्याने शपथ घेतली तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्याचे दात लाकडी होते अशी गोष्ट सांगतात, ती खरी नाही. त्याच्या कवळ्यांत पाणघोड्याचा दात होता, माणसांचे दात होते, धातू होता आणि वरचा-खालचा भाग उघडा राहावा म्हणून स्प्रिंगा होत्या. तोंड मिटून ठेवायलाही जोर लावावा लागे. त्याच्या हिशेबात १७८४ सालची एक नोंद आहे, ती वाचून आम्ही थांबलो. गुलाम माणसांकडून नऊ दात घेतले आणि त्याचे पैसे दिले, अशी ती नोंद आहे. ज्याला "नाही" म्हणायचा हक्कच नाही, त्याच्या तोंडातले दात विकत घेतले गेले.

त्या काळी खऱ्या दातांचा बाजार होता. १८१५ साली वॉटर्लूची लढाई झाली. हजारो सैनिक पडले आणि मेलेल्यांच्या तोंडातले दात उपटून विकले गेले. इंग्लंडमध्ये अशा दातांना पुढे "वॉटर्लूचे दात" हेच नाव पडलं. जिवंत गरीबही दात विकत. फ्रान्सच्या व्हिक्टर ह्यूगोची १८६२ सालची एक कादंबरी आहे. तिच्यातली फाँटिन नावाची आई लेकीसाठी पैसे हवेत म्हणून आधी केस विकते आणि मग पुढचे दोन दात विकते. ती गोष्ट कल्पनेतली असली तरी दातांचा बाजार कल्पनेतला नव्हता.

जपानात मात्र वेगळं दिसतं. तिथल्या वाकायामा भागातल्या गांजोजी देवळात एक लाकडी कवळी जपून ठेवली आहे. ती नाकाओका तेई नावाच्या एका बौद्ध साध्वीची. ती १५३८ साली वारली. एकाच घट्ट लाकडातून कोरलेली ही कवळी हिरडीवर नीट बसेल अशी घडवलेली आहे. युरोपातले राजेरजवाडे स्प्रिंगांशी झगडायच्या कितीतरी आधी, एका देवळातल्या बाईसाठी कोणा कारागिराने खायचे दात बनवले होते.

कवळी गरिबाघरी आली

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. दात काढताना भूल देता येऊ लागली आणि कडक रबर निघालं. चार्ल्स गुडइयर याने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची रीत काढली होती. त्याच रीतीने पुढे कडक रबर तयार झालं. ते हिरडीच्या साच्यावर अगदी बरोबर बसे आणि सोन्यापेक्षा खूप स्वस्त पडे. मग विसाव्या शतकात, १९३०च्या दशकात, गुलाबी रंगाचं ॲक्रिलिक आलं. आज आपल्याकडे मिळणारी साधी कवळी त्याचीच असते.

इंग्लंडमध्ये तर अशी वेळ आली की तरुण मुलींचे सगळे दात लग्नाआधीच काढून कवळी बसवून देत. पुढे दातांचा खर्च सासरच्यांवर पडू नये, हा त्यामागचा हिशेब. चांगले दातही जात. १९४८ साली तिथे सरकारने सगळ्यांना मोफत उपचार सुरू केले, तेव्हा कवळ्यांसाठी इतकी गर्दी झाली की सरकारचा अंदाज कोलमडला. १९५१ साली सरकारने कवळीला आणि चष्म्याला पैसे लावायचं ठरवलं. ही मोफत योजना ज्याने उभी केली होती, त्या अन्यूरिन बेव्हन या मंत्र्याने या निर्णयाविरुद्ध राजीनामा दिला. एका देशाचा मंत्री कवळीसाठी खुर्ची सोडतो, यावरूनच कळतं की ही नुसती नटण्यामुरडण्याची गोष्ट नाही.

खालची कवळी का हलते

वरची कवळी टाळूला चिकटते. मध्ये लाळेचा पातळ थर असतो, तिची पकड बसते. खालच्या जबड्याला टाळू नाही. तिथे घोड्याच्या नालेसारखी अरुंद हिरडी असते आणि मधोमध जीभ. बोललं की जीभ हलते आणि जिभेबरोबर कवळी उठते. भाकरीचा तुकडा मोडला की एका बाजूने उचकटते. खाली तिळाचा दाणा अडकला तर डोळ्यांत पाणी येतं.

त्यात आणखी एक गोष्ट. दात असतो तोवर त्याच्या मुळाभोवतीचं हाड टिकतं. दात गेला की हाड झिजायला लागतं. टॉलग्रेन नावाच्या संशोधक बाईंनी कवळी वापरणाऱ्यांचे जबडे पंचवीस वर्षं तपासले आणि १९७२ साली निष्कर्ष मांडला की खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या जवळपास चौपट झिजतं. म्हणून दहा वर्षांपूर्वी घट्ट बसणारी कवळी आज सैल होते. पुष्कळ आज्या म्हणतात, "कवळी केली होती, डबीत पडून आहे." दोष आजीचा नसतो. जमीनच खचली, तर घर हलणारच.

हाडाने धरलेला स्क्रू

या खचणाऱ्या जमिनीत खुंटा रोवता येईल का, हा विचारही जुना आहे. १९३१ साली होंडुरास देशात एका जुन्या जबड्याचा तुकडा सापडला. तो माया लोकांचा, सुमारे १४०० वर्षांपूर्वीचा, एका तरुण बाईचा असावा असं मानतात. त्यात पुढच्या दातांच्या जागी शिंपल्याचे तीन दात बसवलेले होते. पुढे क्ष-किरणांनी पाहिलं तेव्हा त्यांच्याभोवती हाड वाढलेलं दिसलं. म्हणजे ती बाई जिवंत असतानाच ते बसवले होते आणि तिच्या हाडाने ते स्वीकारले होते.

हेच पुन्हा सापडलं स्वीडनमध्ये, तेही वेगळंच काही शोधताना. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे तरुण डॉक्टर १९५२च्या सुमाराला लुंड गावच्या विद्यापीठात काम करत होते. हाड भरून येताना आत रक्त कसं वाहतं, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची छोटी नळी बसवली. काम झाल्यावर नळी काढायला गेले, तर निघेना. हाडाने तिला घट्ट धरलं होतं. दुसरा कोणी वैतागून नळी तोडून मोकळा झाला असता. ब्रोनेमार्कांनी त्या न निघणाऱ्या नळीवर पुढची वर्षं घालवली.

१९६५ साली योस्टा लार्सन नावाच्या माणसाने त्यांच्याकडून पहिल्यांदा असे टायटॅनियमचे स्क्रू जबड्यात बसवून घेतले. त्याच्या जबड्यात आणि टाळूत जन्मापासून व्यंग होतं, खालचे दात नव्हते. खाणं आणि बोलणं दोन्हीचे हाल होते. खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले आणि त्यांवर दात. लार्सन २००६ साली वारला, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ ते स्क्रू काम देत होते.

पण डॉक्टर मंडळींनी लगेच मान डोलावली नाही. स्वीडनमधल्या दंतवैद्यांनी ब्रोनेमार्कांना वर्षानुवर्षं विरोध केला. तोंडात धातू रोवला तर पिकणारच, असा तेव्हाचा अनुभव होता आणि तो खोटाही नव्हता, कारण आधीचे पुष्कळ प्रयोग तसेच फसले होते. १९७०च्या दशकात सरकारी पातळीवर तपासणी झाली आणि त्यांच्या देशात मान्यता मिळाली. १९८२ साली कॅनडात टोरोंटोला परिषद भरली, तिथे पंधरा वर्षांच्या नोंदी मांडल्या गेल्या आणि मग जगाने ही रीत उचलली. ब्रोनेमार्क २०१४ साली वारले.

आजीला विचारलं तेव्हा

इथपर्यंतच्या इतिहासात एक गोष्ट लक्षात घ्या. सगळ्या नोंदी स्क्रूच्या आहेत. स्क्रू टिकला का, हाड किती झिजलं, पू झाला का. हे मोजायलाच हवं होतं. पण स्क्रू टिकला म्हणजे बाई सुखी झाली, असं नसतं. बैल धडधाकट आहे म्हणून शेत पिकलं, असं आपण म्हणतो का?

हळूहळू काही संशोधकांनी माणसालाच विचारायला सुरुवात केली. १९९४ साली ऑस्ट्रेलियात स्लेड आणि स्पेन्सर यांनी एकोणपन्नास प्रश्नांची यादी केली. पुढे तिची चौदा प्रश्नांची छोटी यादी झाली, ती आजही जगभर वापरतात. दाताच्या डॉक्टरने एरवी कधी विचारले नसते असे प्रश्न त्यात आहेत. तोंडामुळे शब्द नीट उच्चारता येत नाहीत असं होतं का? जेवताना मध्येच उठावं लागतं का? चारचौघांत ओशाळल्यासारखं होतं का? घरच्यांवर चिडचिड होते का? रोजच्या कामात अडचण येते का? या सगळ्याला मिळून तोंडाच्या आरोग्याशी जोडलेली जगण्याची गुणवत्ता म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं, तर सुखाचा घास.

कॅनडात माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात जोसलिन फाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम नेटाने केलं. एका अभ्यासात ३५ ते ६५ वयाचे १०२ लोक घेतले, दुसऱ्यात ६५ ते ७५ वयाचे ६० लोक. सगळ्यांच्या तोंडात दात नव्हते. कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काहींना नवीन साधी कवळी दिली, काहींना खालच्या जबड्यात स्क्रू बसवून त्यावर कवळी दिली. मग दहा सेंटिमीटरची एक रेघ समोर ठेवली. एका टोकाला अजिबात समाधान नाही, दुसऱ्या टोकाला पूर्ण समाधान. तुमचं समाधान कुठे, तिथे खूण करा. लिहिण्या-वाचण्याची फारशी सवय नसलेल्यालाही जमेल अशी ही रीत. दोन्ही अभ्यासांत स्क्रूवाल्यांचं समाधान साध्या कवळीवाल्यांपेक्षा स्पष्ट जास्त निघालं. पंचाहत्तरीला आलेल्यांनाही फरक पडला. "या वयात दात कशाला" याचं उत्तर त्या रेघेवर होतं.

मे २००२ मध्ये मॅगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले आणि त्यांनी निवेदन काढलं. खालच्या जबड्यात एकही दात नसेल, तर नुसती कवळी ही आता पहिली निवड मानू नये, दोन स्क्रूंवर बसणारी कवळी ही पहिली निवड असावी, असं त्यांनी म्हटलं.

ही दोन स्क्रूंची कवळी कशी असते, तेही सांगतो. खालच्या जबड्यात पुढे, सुळ्यांच्या जागी, दोन बाजूंना एकेक टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. ब्रोनेमार्कांच्या रीतीत हाडाने त्याला धरावं म्हणून काही महिने थांबत. मग वर एक छोटी गोल घुंडी येते. कवळीच्या आतल्या बाजूला तिच्या मापाची खाच असते. पोलक्याचं टिचबटण जसं लागतं, तशी कवळी टिचकन बसते. रात्री काढून धुता येते. एवढ्या दोन घुंड्यांनी खालची कवळी जिभेबरोबर उठायची थांबते.

सगळ्यांचं सुख सारखं नसतं

लोकांनाच विचारायला लागल्यावर डॉक्टरांना न सुचलेल्या गोष्टीही पुढे आल्या. त्या तुम्हाला सांगायलाच हव्यात, नाहीतर हे भाषण जाहिरात होईल.

एक. मॅगिलच्याच एका अभ्यासात पंधरा जणांना दोन्ही प्रकार आळीपाळीने वापरायला दिले, पक्के बसवलेले दात आणि काढता येणारी कवळी. डॉक्टरांना वाटलं असेल, सगळे पक्के दात मागतील. पण निम्म्यांच्या आसपास लोकांनी काढता येणारीच पसंत केली, कारण ती नीट धुता येते.

दोन. वरच्या जबड्यात चांगली नवी कवळी असेल, तर तिथे स्क्रू बसवून समाधान फारसं वाढलं नाही. फरक खालच्या जबड्यात आहे.

तीन. स्क्रू बसवले म्हणजे आजी लगेच भाज्या, फळं, शेंगा जास्त खाईल, असंही दिसलं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन्ही गटांच्या आहारातल्या पोषणात विशेष फरक निघाला नाही. चावता आलं तरी ताटात काय पडतं, हे घरावर, पैशावर आणि सवयीवर असतं. घरात शेवटी जेवणारी आणि उरलेलं खाणारी बाई नुसत्या स्क्रूने सुदृढ होत नाही.

चार. व्हँकुव्हरला एका अभ्यासात लोकांना स्क्रू मोफत देऊ केले होते. तरी एक तृतीयांशाहून जास्त जण नको म्हणाले. शस्त्रक्रियेची भीती हे त्यात मोठं कारण होतं. त्यांना कोणी अडाणी ठरवलं नाही. नको म्हणणं हेही एक उत्तरच आहे.

आपल्यासाठी यातलं काय

ज्या इंग्लंडमध्ये लग्नाआधी दात काढत, तिथे १९६८ साली शंभरातल्या ३७ मोठ्या माणसांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ साली हे प्रमाण शंभरात ६ वर आलं. हा बदल स्क्रूंनी झालेला नाही. ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, वेळेवर उपचार आणि "दात काढूनच टाकू" ही सवय सुटणं, यांनी तो झाला. आपला पहिला धडा तोच. आपल्याकडे मिश्री लावायची चाल अजून घराघरांत आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडी बधिर होते म्हणून बरं वाटतं, पण हिरडीचं आणि गालाचं नुकसान होतच राहतं आणि कॅन्सरचा धोका असतो. सुनेच्या हातात ती डबी जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

दुसरा धडा कवळीचा. स्क्रूचा खर्च आपल्यातल्या बहुतेक जणींना झेपणारा नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण नीट माप घेऊन केलेली साधी कवळी पुष्कळ जणींना समाधान देते. डबीत पडलेली कवळी घेऊन पुन्हा डॉक्टरकडे जा. आतून थर देऊन ती घट्ट करता येते किंवा नवी करता येते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे आधी चौकशी करा आणि खर्च लिहूनच मागा.

तिसरा धडा, कोणी स्क्रू सुचवले तर विचारायचे प्रश्न. किती स्क्रू आणि कुठे? सगळा खर्च किती, पुढचा धरून? कारण टिचबटणातली रबराची किंवा नायलॉनची कडी झिजते, ती बदलावी लागते. साखरेचा आजार ताब्यात नसेल, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध चालू असेल, तर डॉक्टरला आधी सांगा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत स्क्रू निकामी व्हायचं प्रमाण जास्त असतं. आणि स्क्रूलाही दातासारखंच रोज घासावं लागतं, नाहीतर त्याच्याभोवतीचं हाड जातं.

चौथा धडा सगळ्यात सोपा आणि बिनपैशाचा आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर पाच मिनिटं काढा आणि आपल्यातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. जेवता येतं का? काय खायचं सोडलंत? कुठे जायचं टाळता? बोलताना लाज वाटते का? मॅगिलच्या संशोधकांनी रेघ आखून हेच विचारलं होतं. आपल्याला रेघ आखायचीही गरज नाही. आजीने सांगितलं की तिला पाच वर्षांत हुरडा खाता आलेला नाही, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. तारीख ठरवा आणि कोणीतरी तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. ज्या आजीने सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या ताटात चणे वाढले, तिला ते आता चावता येतात का, एवढं तरी आपण विचारू या. तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा.